दुसरीत जाणाऱ्या मुलाला शर्टची बटणं लावता येत नाहीत, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) सुरू करावी का?

प्रतापनगरची_आई

नमस्कार. इथे नेहमी वाचते, लिहिते आहे पहिल्यांदाच.

मुलगा सात वर्षांचा आहे, शाळा उघडली की दुसरीत. बोलायला चुरचुरीत, तोंडी गणितं फटाफट, सगळ्या मेट्रो स्टेशनांची नावं क्रमानं पाठ. पण हाताचं काम आलं की अडतो. शर्टची बटणं लावता येत नाहीत. पँटची चेन ओढतो, हूक मीच लावते. डबा शेजारचा मुलगा उघडून देतो आणि तो आला नाही की डबा भरलेला परत. आंघोळीचा मग डोक्यावर घेताना अर्धं पाणी भिंतीवर. पोळीचा घास एका हातानं तोडता येत नाही, दोन्ही हातांनी फाडतो. आणि शी धुणं अजून माझ्याकडेच आहे. शाळेत शी लागली तर काय, या भीतीनं तो सकाळी दूधच पीत नव्हता, हे मला आत्ता कळलं.

इथे नागपुरात धंतोलीतल्या बालरोगतज्ज्ञांनी सगळं तपासलं. डोळे, कान, स्नायू ठीक. म्हणाले, ओटी करून घ्या. एका सेंटरवर जाऊन आलो. झोपाळे, मोठाले चेंडू, रंगीत गाद्या, मुलगा खूश. तीन महिन्यांचं पॅकेज, पैसे आधी. नेमकं काय शिकवणार विचारलं तर म्हणाले, "सेन्सरीवर काम करू, फोकस वाढेल." घरी सासूबाई म्हणाल्या, बटण लावायला शिकवायचे पैसे कोण घेतं बाई? मला काही उत्तर देता आलं नाही.

ज्यांनी मुलांसाठी ओटी केली आहे त्यांनी सांगा. हे सगळं वयानं येतं का? की खरंच काही फरक पडतो? आणि तिथे नक्की करतात काय?

गोळाभात_७६

मोबाईल काढून घ्या, सगळं जमेल. आमच्या वेळी कुठे होत्या या थेरप्या? आम्ही विहिरीवरून पाणी आणत होतो. डॉक्टर लोकांना धंदा पाहिजे फक्त.

मानेवाड्याचे_आजोबा

ताई, मी महावितरणमधून लाइनमन म्हणून निवृत्त झालो. मुलगा बुटीबोरीला, सूनबाई बँकेत, म्हणून नातवाला ओटीला नेण्या-आणण्याचं काम माझ्या वाट्याला आलं. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजला नेत होतो, घरून जवळ पडते म्हणून. तेव्हा तो पहिलीत होता, आता चौथीत आहे. तुम्ही जे लिहिलं त्यातलं मगाचं पाणी सोडलं तर बाकी सगळं आमच्याकडे होतं. आमचा मगच उचलत नव्हता.

आधी गोळाभातसाहेबांना. आमच्याही वेळी होती अशी पोरं. माझ्या वर्गात एक होता, त्याच्या हातून दौत हमखास सांडायची, धोतराची गाठ त्याची आई मारून द्यायची. मास्तर त्याला धांदरट म्हणत आणि पट्टी मारत. तीच त्याची थेरपी. तो पुढे हिशेबात हुशार निघाला, पण कोणाच्या लग्नात पंगतीला बसायचा नाही. का बसत नाही हे मला नातवाकडे पाहून कळलं.

आता तिथे काय करतात ते. पहिल्या दिवशी ओटीच्या मॅडमनी आम्हाला बसवलं आणि विचारलं, घरच्यांना काय पाहिजे? सूनबाई म्हणाली, अक्षर सुधारलं पाहिजे. आमच्या सौ. म्हणाल्या, नीट जेवला पाहिजे. मी म्हटलं, सायकल. मग मॅडमनी त्याच्याकडे खुर्ची वळवली, "तुला काय यायला पाहिजे रे?" तो बराच वेळ चूप. मग म्हणे, "डबा. मले माझा डबा उघडता आला पाह्यजे." घरात आम्ही चार मोठी माणसं, एकालाही हे माहीत नव्हतं.

पुढच्या वेळी त्याचा रोजचाच डबा आणायला सांगितला, स्टीलचा, दोन्ही बाजूंनी क्लिपा असलेला. मॅडमनी तो त्याच्यासमोर ठेवला आणि नुसत्या पाहत राहिल्या. मदत नाही, सूचना नाही. मला वाटत होतं बोटांत जोर नाही. पण गंमत अशी की उजवा हात क्लिप बरोबर ओढत होता, डावा हात डबा धरून ठेवत नव्हता. त्यामुळे डबाच टेबलावरून सरकत होता. पहा, लाइन बंद पडली की आम्ही अख्खा फीडर, म्हणजे पूर्ण वीजवाहिनी बदलत नाही, पायी फिरून कोणत्या खांबावर जंपर, म्हणजे तारेचा जोड तुटला ते शोधतो. ही बाई तेच करून राहिली होती. डब्याखाली ओला नॅपकिन ठेवला, डावा पंजा डब्यावर कसा पसरायचा ते त्यालाच शोधायला लावलं. "कुठं अडकलं? आता काय करून पाहशील?" एवढंच विचारत. उत्तर त्याच्याकडूनच काढायच्या. चुकलं तरी करू द्यायच्या, मग पुन्हा विचारायच्या, "जमलं का? काय बदलू या?" डबा उघडला. मग आठवड्याभरानं नॅपकिन काढला.

बटणाचं मात्र लवकर नाही झालं. पाऊस लागला तेव्हा सुरू केलं, दिवाळीत नवीन शर्ट घातला तेव्हाही कॉलरचं बटण मीच लावलं. पद्धत सांगतो, कारण ही घरीच होते.

आधी बटण काढायला शिकवा, लावायला नंतर. काढणं सोपं असते. शाळेतून आल्यावर शर्ट बदलायचाच असतो, तेव्हा घाई नसते. सकाळी रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना कोणालाच काही शिकता येत नाही, तेव्हा सरळ आपण लावून द्यायची. लावायला शिकवताना शेवटून सुरुवात. म्हणजे काजातून बटण अर्धं आपण बाहेर काढायचं, त्यानं फक्त ओढून पूर्ण करायचं. काम संपवलं त्यानं, शाबासकी त्याला. ते पक्कं झालं की आपण बटण काजाच्या तोंडाशी आणून सोडायचं, ढकलणं आणि ओढणं त्याचं. असं मागे मागे यायचं. पोटावरच्या बटणांपासून सुरू करा, ती त्याला दिसतात. कॉलरचं सगळ्यात शेवटी, ते आपल्यालाही आरशाशिवाय दिसत नाही. आणि शर्ट अंगातच पाहिजे. बाजारात ते बटणं-चेन लावलेले कापडी खेळणे मिळतात, आम्हीही आणलं. त्याच्यावर तो पटाईत झाला आणि शर्टवर अडलेलाच. समोरच्या कापडाला लावणं वेगळं, स्वतःच्या छातीवर लावणं वेगळं. मॅडम म्हणे, जे काम पाहिजे तेच काम, ज्या ठिकाणी करायचं त्याच ठिकाणी.

घरात अडचण आली ती आमच्या सौ.ची. पोरगा घास तोडायला धडपडून राहिला की हिचा हात आपोआप ताटात. मॅडमना सांगितलं तर त्या एक दिवस तिलाच घेऊन या म्हणाल्या. तिला म्हटलं, "आजी, तुम्ही त्याच्या समोर बसायचं, दोन्ही हात पदराखाली, आणि मनात रामरक्षा म्हणायची. संपल्यावर मदत करा." तिला ते पटलं, कारण देवाचंही झालं. पोळीच्या आधी घट्ट खिचडी दिली, मग वरण-भात, कारण पातळ वरण बोटांतून गळते आणि पोरगं वैतागते. पोळी सर्वात शेवटी. पोळीत तर्जनी आणि अंगठा ओढतात आणि बाकीची बोटं दाबून धरतात, एका हाताला दोन नोकऱ्या. तोवर दोन हातांनी फाडतो तर फाडू द्या, उपाशी तर राहत नाही.

खेळही असतात, नाही असं नाही. संत्र्याच्या दिवसांत मॅडमनी सोलायला संत्री आणायला सांगितली. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल, म्हणून सुरुवातीला बरी. मटार सोलणं, सौ.च्या बाजूला बसून रांगोळीची चिमूट सोडणं, कणकेचे गोळे. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीच्या गळ्यात घुंगराची माळ त्यानं स्वतः बांधली, गाठ ढिली होती, मिरवणुकीत दोनदा सुटली. पण हे सगळं त्या डब्या-बटणांच्या आजूबाजूला. नुसती संत्री सोलून बटण येत नाही.

तुम्हाला पॅकेजवाल्यांनी सांगितलं ना, फोकस वाढेल. त्यांना विचारा, तीन महिन्यांनी माझा मुलगा कोणतं काम स्वतः करेल? एखादं नाव घेऊन सांगितलं तर पैसे द्या. पुन्हा फोकसच म्हणाले तर नमस्कार करून उठा. झोपाळा सेमिनरी हिल्सच्या बागेतही आहे.

ओटीवाली

आजोबा, तुमच्या पोस्टचं प्रिंट काढून वेटिंग रूममध्ये लावावंसं वाटतंय. मी स्वतः ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, शिकले मेडिकललाच. भारतातली पहिली ओटी शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी सुरू केली, जन्मानं अमेरिकन, लग्नानं इथल्या. आपली नागपूरची त्याच दशकातली. त्यामुळे "हे नवीन फॅड" म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

ताई, तुमचं वर्णन वाचून डीसीडी मनात येतं, म्हणजे हालचालींचा मेळ बसवण्यातली विकासात्मक अडचण. शाळकरी वयाच्या मुलांत साधारण ५ ते ६ टक्के प्रमाण धरतात. बुद्धी चांगली असते, म्हणून घरी-शाळेत आळशी किंवा हट्टी समजलं जातं. पण न पाहता निदान होत नाही, आणि मी इथे करतही नाही. वयानं आपोआप येतं का, याचं उत्तर असं की काही गोष्टी उशिरा येतात, पण खूप मुलांची अडचण मोठेपणीही राहते. फक्त तोवर त्यांनी ती ती कामं टाळायला शिकलेलं असतं. आजोबांच्या पंगतीत न बसणाऱ्या मित्रासारखं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांसाठी. येत असलेलं काम मूल हळूहळू विसरत चाललं असेल, जिना चढायला त्रास वाढत असेल, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकवत उठत असेल, तर आधी डॉक्टर, ओटी नंतर. तो स्नायूंचा आजार असू शकतो, विशेषतः मुलग्यांमध्ये. तुमच्या डॉक्टरांनी स्नायू पाहिलेत, त्यामुळे तुम्ही घाबरू नका.

"सेन्सरी" बद्दल, म्हणजे स्पर्श, आवाज अशा संवेदनांबद्दल. काही मुलांना टॅग टोचतो, नखं कापताना आकांत करतात, कुकरच्या शिट्टीला कान झाकतात, आणि त्यांच्यासाठी त्या अंगानं विचार करावा लागतो. जीन एअर्स या अमेरिकन ओटीनं हा विचार मांडला, त्यात तथ्य आहे. पण बटण न लागणाऱ्या प्रत्येक मुलाला महिनोन्महिने झोपाळ्यावर बसवायचं याला आधार नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात मुलांच्या ओटीवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा निघाला. त्यात सर्वात भक्कम ठरलं ते हेच: ध्येय ठरवून त्याच कामाचा सराव, घरचा कार्यक्रम आणि पालकांना शिकवणं. सेंटर निवडताना महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. आमच्यातल्या कोणालाही राग येत नाही, आला तर तेही कळलंच.

सरकारी वाट हवी असेल तर मेडिकल आहेच. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासून पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

उमरेडरोड

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींची अडचण) आहे, उजवी बाजू कमजोर. आमची गोष्ट वेगळी, पण कपड्यांपुरतं सांगते, कोणाला उपयोग होईल. घालताना कमजोर हात आधी बाहीत, काढताना तो सर्वात शेवटी. या एका नियमानं आमची सकाळची रडारड संपली. आधी मी चांगला हात आधी घालत होते, मग कमजोर हात वळवून वळवून बाहीत कोंबायचे. मध्यंतरी ओटीनं तिच्या चांगल्या हाताला रोज ठरावीक वेळ हातमोजा घातला होता, म्हणजे कमजोर हाताला काम करावंच लागेल. पहिले दिवस तिनं मला शत्रू मानलं. पण आता ती उजव्या हातानं ताट धरून ठेवते.

ज्यांच्या मुलांना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आहे त्यांनी निरामय विमा जरूर काढा. राष्ट्रीय न्यासाचा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि थेरपीही त्यात धरतात.

प्रतापनगरची_आई

सगळ्यांचे आभार. आजोबा, तुमची पोस्ट सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. त्या रामरक्षेवर हसल्या आणि मग म्हणाल्या, मी विष्णुसहस्रनाम म्हणते, ते लांब असतं.

मुलालाही विचारलं, तुला काय यायला हवं. मला वाटलं डबा म्हणेल. म्हणाला, "शी." एकदम खालच्या आवाजात. आता यात कुठून सुरुवात करायची? आणि हो, नवीन युनिफॉर्मचा शर्ट घेतलाय, त्याची काजं इतकी कडक आहेत की मलाच बटण सरकवताना नख लागतं.

ओटीवाली

त्यानं सांगितलं ना, मग तेच पहिलं ध्येय. बटणं थांबू शकतात.

धुताना तीन गोष्टी लागतात: उकिडवं बसून तोल सांभाळणं, हात मागे वळवणं, आणि न बघता बोटांनी जागा ओळखणं. कोणती अडते ते बघा. तोल जात असेल तर सध्या इंग्रजी कमोड, पायाखाली छोटा पाट, आणि एका हाताला धरायला काहीतरी. हात मागे पोचत नसेल तर खेळ करा: चड्डीच्या मागच्या बाजूला कपडे वाळत घालायचे चिमटे लावा आणि त्याला न बघता काढू दे. सुरुवातीला कंबरेच्या बाजूला, मग हळूहळू मधोमध. धुण्याचा सराव आंघोळीच्या वेळी, साबण लावून, स्वच्छ अंगावर. तिथे घाण नाही, वास नाही, घाई नाही. प्रत्यक्ष वेळेला आधी तुम्ही धुवा, शेवटचा हात त्याचा. मग उलट, आधी तो, शेवटी तुम्ही तपासा. घरी मगानं धुवत असाल आणि शाळेत जेट (पाण्याचा फवारा) असेल तर जेटही घरी बसवून घ्या, नाहीतर शाळेत पुन्हा अडेल. वर्गशिक्षिकेशी एकदा बोला, मधली सुट्टी संपल्यावर, टॉयलेट रिकामं असताना त्याला जाऊ द्या म्हणावं. आणि सकाळचं दूध सध्या संध्याकाळी द्या.

जूनच्या शेवटापर्यंत शाळा नाही, हा आपल्या विदर्भाच्या उन्हाचा एकमेव फायदा. तोवर बरंच होईल.

गोळाभात_७६

मागची पोस्ट जरा जोरात झाली. माझ्या भाच्याचा पोरगा असाच आहे, त्याच्या आईला ही लिंक पाठवली.

मानेवाड्याचे_आजोबा

ताई, शर्ट दोन-तीनदा धुऊन घ्या, खळ निघते. तरी कडक असेल तर कोपऱ्यावरच्या टेलरला द्या. त्याला दोन कामं सांगा. काज एक-दोन टाके उसवून थोडं मोठं करून कडेनं पक्कं करायचं. आणि बटण कापडाला चिकटवून शिवायचं नाही, दोऱ्याची मान ठेवून जरा लोंबतं शिवायचं, म्हणजे बोटात धरायला येते. कॉलरच्या जागी वरून बटण शिवून आत टिचबटण लावून देतो, शाळेला बाहेरून काही दिसत नाही. आमचा टेलर आधी हसला होता, म्हणे आजोबा, बटण ढिलं शिवून मागणारे तुम्ही पहिलेच. कमरेच्या हुकाचं पण त्यालाच सांगा, हूक काढून आत इलास्टिक टाकून देईल. चेन तर तो ओढतोच म्हणता, तिथे हात लावू नका.